दुसरी फेज

"बाबा, पाय जरा वर घ्या ना," म्हणत जावई सोफ्यामागे शिरला आणि हॉलच्या प्लगात त्यानं एक पांढरी डबी खोचली. तशीच दुसरी मागच्या खोलीत. भिंतीतल्या विजेच्या तारांतूनच नेट जाणार म्हणे! त्या जाड भिंतींपुढे वायफायनं केव्हाच हात टेकले होते.

म्हाताऱ्या वायरमनचा नुसता जळफळाट चालला होता. या घरातली तार न् तार त्यानं स्वतः ओढलेली. पूर्वी लेकीचा टेबललॅम्प मिणमिणला तरी "बाबा!" अशी हाक यायची. आता साधा बल्ब गेला तरी हाक नवऱ्याला. आणि जावई स्वभावानं भला होता, तेच जास्त झोंबायचं.

हॉलमधली डबी हिरवी झाली. मागची लालच. जावयानं ती काढली, फुंकली, पुन्हा लावली. छे! अकराला याच खोलीतून लेकीच्या नव्या नोकरीतली पहिली मीटिंग होती.

म्हाताऱ्याला कारण पक्कं ठाऊक होतं. मागची खोली नंतर बांधलेली, तिला वीज दुसऱ्या फेजवरून दिलेली. एका फेजवरचं नेट दुसरीवर जाणार कसं? पण तो पेपर उघडून बसला. होऊ दे जरा फजिती! एकदा तरी तिनं म्हणावं, बाबा, तुम्हीच बघा.

पावणेअकरा वाजले. लेक रडकुंडीला आली. "तू तरी काय करणार रे? या घराचं वायरिंगच कसंतरी केलेलं."

हे मात्र जिव्हारी लागलं. त्यानं रागानं वर पाहिलं, तर लेक परीक्षेच्या दिवशी खायची तशी नखं खात उभी. तो उठला आणि पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विच पाडला.

"झालं! आता लाइटही गेली!" लेक ओरडली.

पाच मिनिटांत त्यानं मागच्या खोलीची तार हॉलच्या फेजवर घेतली, स्क्रू आवळला, मेन चढवला.

"हिरवी झाली!" आतून जावयाचा आवाज आला. "लाइट जाऊन आल्यावर आपोआप पकडलं बघ."

"आपोआप कसलं? तुझ्या हातालाच गुण आहे."

म्हातारा टेस्टर खिशात घालत दाराशी पोचला होता. "अगं, ते मी..."

"बाबा, प्लीज! मीटिंग सुरू होतेय. दार ओढून घ्या ना."

त्यानं दार ओढून घेतलं, कडी वाजू न देता.