ट्रकच्या कमानी आणि मिस्त्रींचा ओटा

मिस्त्रींनी जन्मभर लोकांची घरं बांधली आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, यात नवल काही नाही. नवल हे, की थापी खाली ठेवायच्या वयात त्यांना स्वतःचं घर बांधायची हौस आली, आणि तीही चाकांवर. एक जुना लांबलचक ट्रेलर आणून त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत उभा केला आणि बायकोला म्हणाले, "बहिणीकडे तळ्याकाठी जायचं म्हणत होतीस ना? आता घरासकट जाऊ."

बायको बहिणीकडे चार दिवस जायचं म्हणाली होती. घर सोबत न्यायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

चाकांवरचं घर हलकं हवं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मिस्त्रींच्या लेखी 'हलकं' म्हणजे 'हलक्या प्रतीचं'. त्यामुळे भिंती जाड फळ्यांच्या, स्वयंपाकाचा कट्टा दगडी, न्हाणीला फरशी आणि फरशीखाली सिमेंटचा थर, का, तर पाणी मुरायला नको. चौकट अशी भरभक्कम, की तिच्यावर आणखी दोन मजले चढावेत. त्यांचा जावई दर रविवारी यायचा, भिंतीवर थाप मारायचा आणि "वा, काय काम आहे!" म्हणायचा. सासऱ्याचं कौतुक करण्यात त्याने कधी हात आखडता घेतला नाही, कारण तोवर त्याला काहीच उचलायला लागलं नव्हतं.

मग एक दिवस मिस्त्री म्हणाले, "काय जावईबापू, तुमचा ट्रक ओढेल ना हे?"

"न ओढायला काय झालं?" जावई म्हणाला. तोंडातून निघालेला शब्द परत गिळायची सोय देवाने ठेवलेली नाही.

जावयाचा धंदा फर्निचर पोचवण्याचा. लोकांची कपाटं, पलंग, आरसे या घरातून त्या घरात नेणारा तो छोटा ट्रक त्याचा जीव की प्राण. त्याच्या बायकोचं म्हणणं असं, की ट्रक आजारी पडला की हे धंदा बंद ठेवतात, आणि मी आजारी पडले की विचारतात, जेवायला काय आहे.

ट्रेलर जोडला. डबक्यात म्हैस बसावी तसा ट्रक मागून खाली बसला आणि त्याचं नाक आभाळाकडे गेलं. दिवे लावून पाहिले, तर उजेड रस्त्याऐवजी समोरच्या गच्चीवर. तिथे कपडे काढायला आलेल्या बाईने डोळ्यांवर हात धरून विचारलं, "काय शोधताय?" स्टिअरिंग फिरवलं तर पुढची चाकं नुसती मान हलवत होती, वळायचं नाव नाही.

"जरासा दबलाय," मिस्त्री म्हणाले.

"अगदी जरासा," जावई म्हणाला. सासरा-जावयाचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते नेमकं चुकलेलं होतं.

तसेच रडतखडत ते वजनकाट्यावर गेले. ट्रकच्या दारात आतून एक पट्टी होती, तिच्यावर किती वजन ओढायचं तो आकडा होता. घराचं वजन त्याच्या जेमतेम आत बसलं. जावयाने हे वाक्य बायकोला सांगताना 'जेमतेम' गाळलं.

गॅरेजवाल्या उस्तादाने गाडीला हातही न लावता निदान केलं. "शेठ, मागच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, मऊ आहेत. दोन्हीकडे जादा पाटे घालू, वर हवेच्या पिशव्या बसवू. मग घर काय, डोंगर ओढा."

"पण कमानी घट्ट केल्या म्हणून दारातला आकडा वाढतो का?" बायकोने विचारलं. ती मुद्दाम सोबत आली होती.

"ताई, आकडे कंपनीवाले लिहितात. रस्त्यावर ते येतात का?"

या उत्तरावर जावई इतक्या समाधानाने हसला, की बायकोने पुढे बोलण्यात अर्थ नाही हे ओळखलं.

ट्रक जॅकवर चढला. जुन्या पाट्यांखाली नवे जाडजूड पाटे आले, शॉकअप बदलले, चासी आणि पाट्यांच्या मध्ये रबरी पिशव्या बसल्या. हवा भरली की ट्रकचं मागचं अंग हळूहळू वर उठायचं. जावयाने ते तीनदा वर-खाली करून पाहिलं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. लग्नात नवरीचा चेहरा पाहताना त्याने एवढं तोंड उघडलं नव्हतं.

कमानीचं काम फत्ते झालं, फक्त रिकामा ट्रक चालवण्यालायक उरला नाही. ओझ्यावाचून त्या कमानी ढिम्म वाकत नव्हत्या. साध्या खड्ड्यातही डोकं टपाला लागायचं. पहिल्याच फेरीत एका नव्या जोडप्याचा उभा आरसा पोचवायचा होता. पोचला, पण त्यात त्या दोघांना स्वतःच्या बऱ्याच प्रती दिसल्या. "पिशव्यांतली हवा कमी करायची राहिली," असं जावयाने त्यांना शास्त्रशुद्ध समजावलं. त्यांना शास्त्राची आवड नव्हती.

जायचा दिवस उजाडला. सकाळी ट्रेलर जोडला आणि काय आश्चर्य, ट्रक टेबलासारखा सपाट! तसूभरही दबला नाही.

"बघ, कमान म्हणतात याला!" जावई बायकोला म्हणाला.

मिस्त्री दुसरीकडे बघत खाकरले. घराच्या मागच्या अंगाला ताडपत्रीने काहीतरी घट्ट बांधलेलं होतं. जावयाला वाटलं, गाद्या असतील. विजयी माणूस ताडपत्र्या उचलून बघत नसतो.

पुढे सासरा-जावई, मागच्या सीटवर मायलेकी, अशी स्वारी निघाली. सपाट रस्त्यावर सगळं छान चाललं. मग एक लांब उतार लागला. ट्रकने जरा वेग धरला आणि मागचं घर हळूच डावीकडे झुकलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दर खेपेला आधीपेक्षा जास्त. आरशात एकदा मिस्त्रींची डावी भिंत दिसायची, एकदा उजवी. ट्रकचं ढुंगण घराच्या मर्जीप्रमाणे सरकत होतं. नव्या कमानी अगदी ताठ मानेने ते बघत होत्या.

"ब्रेक!" मिस्त्री ओरडले.

जावयाने ब्रेक मारला नाही. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून गळून पडला होता आणि पुन्हा कुठे ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. हात स्टिअरिंगला चिकटले होते, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. उतार संपला, चढ लागला, वेग मेला आणि घर नाइलाजाने सरळ झालं. एका एसटीच्या थांब्याजवळ त्याने गाडी कडेला घेतली.

"शाबास!" मिस्त्री म्हणाले. "ब्रेक मारला असता तर आडवे झालो असतो. काय डोकं चालवलंत!"

जावयाने ही शाबासकी घेतली. स्टिअरिंग न सोडताच घेतली.

बायको तोवर खाली उतरून मागे गेली होती. "अहो, इकडे या," तिचा आवाज आला. "बाबा, तुम्हीसुद्धा."

ताडपत्रीखाली घराच्या मागच्या दाराला लोखंडी चौकटीवर बसवलेला दगडी ओटा होता. एकसंध, घासूनपुसून गुळगुळीत, चार माणसं ऐसपैस बसतील असा.

"हे काय?" जावयाने विचारलं.

मिस्त्रींनी मिशीला हात लावला. "तराजूचा हिशोब. घर पुढून दबतंय ना, मग मागे वजन टाकायचं. म्हटलं, तुमच्या कमानींचं काही जमलं नाही तर चारचौघांत तुमचं हसं नको व्हायला. आणि घराला ओटाही झाला."

"वजनकाट्यानंतर बसवलात?"

"नंतरच. आधी सांगितलं असतं तर तुम्ही बसवू दिला नसता."

तेव्हा जावयाच्या डोक्यात उजेड पडला. सकाळी ट्रक सपाट राहिला, त्यात कमानींइतकाच या दगडाचा हात होता. ट्रेलरचं पुढचं टोक ट्रकवर दाबून बसायला हवं. ते ओट्याने मागून उचलून धरलं, म्हणून घर रस्ताभर शेपटीसारखं वळवळत आलं. वर दारातला आकडाही केव्हाच ओलांडला होता. दोघांनी एकमेकांची लाज राखण्यासाठी चौघांना स्वर्गात पोचवायची सोय केली होती.

"ओटा इथेच उतरवायचा," जावई म्हणाला.

"माझ्या हातचं काम रस्त्यावर टाकायचं?" मिस्त्रींचा आवाज चढला. "त्यापेक्षा हळू चालवा!"

सासूबाईंनी हत्यारांच्या पेटीतून पाना काढला आणि नवऱ्यापुढे धरला. "पस्तीस वर्षं तुम्ही दगड बघितलात आणि मी तुमची वाट बघितली. आज जिवंत पोचायचंय मला. काढता, की मी काढू?"

मिस्त्रींनी पाना घेतला.

बोल्ट सैल झाले, पहारी लागल्या, थांब्यावरची दोन माणसंही धावून आली आणि ओटा खाली आला. आता निघायचं, असं जावयाला वाटलं. पण दगड तिरका टाकून जाईल तो मिस्त्री कसला! त्यांनी थांब्याच्या सावलीत जमीन सारखी केली, दगडाच्या चिपा भरल्या, पाणसळ लावून पातळी पाहिली, मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि पुन्हा एक चीप काढून पातळ केली. घामाघूम जावई न सांगता पहार धरून उभा राहिला. एक म्हातारी एसटीला आली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं. कधीचं मागत होतो." सरकारचं काम समजून तिने मिस्त्रींना उशिराबद्दल चार शब्दही सुनावले. मिस्त्रींनी ते खाली मान घालून ऐकून घेतले.

मग घरातल्या जड पेट्या पुढे सरकवल्या. ट्रेलर जोडल्यावर ट्रक मागून बोटभर दबला आणि तिथेच थांबला. कमानी पहिल्यांदाच आपलं काम करत होत्या. त्यांच्याकडे बघून जावई काहीतरी बोलणार होता, पण बायकोने नुसतं पाहिलं आणि त्याने किल्ली फिरवली. उरलेला रस्ता त्यांनी इतक्या सावकाश कापला, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात होते.

तळ्याकाठी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. मावशी दारातच उभी होती. "चार दिवस राहायला ये म्हटलं होतं गं," ती म्हणाली, "तू तर घरच उचलून आणलंस!"

चाकांना अडसर लागले तशा सासूबाई आत गेल्या. दगडी कट्टा पुसला, चहाचं आधण ठेवलं, खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. जावई दिवसभराचा शिणला होता. चिखलाच्या चपलांसकट तो पायरी चढला.

"जावईबापू," आतून आवाज आला, "चपला बाहेर काढायच्या. माझं घर आहे हे."

त्याने मुकाट्याने चपला गवतात काढल्या, पाय पुसले आणि आत जाऊन चहा कुठे मिळतो ते बघत भिंतीला टेकून बसला.