पाठीवरचा पिवळा हात

आमच्या कारखान्यात तयार होणारं जीवनसत्त्व पिवळंधमक असतं आणि पक्कं चहाडखोर. तीन मजली टाकीत जिवाणू साखरेचा पाक पितात, खालून सोडलेली हवा घेतात आणि स्वतःला लागतं त्याच्या कितीतरी पट जीवनसत्त्व करून ठेवतात. चौघांच्या घरात कुणी चारशेंचा स्वयंपाक करावा, तसं. मग तो रस गाळायचा, वाळवायचा आणि पावडर गोळ्या करणाऱ्यांना विकायची. ही पावडर बोटाला लागली की बोटाची कपाळाला लागते, कपाळाची दाराला. वरवर पुसली की दिसेनाशी होते, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवट पिवळी झगमगते.

तो जांभळा दिवा माझ्याकडे असतो. टाक्या नीट धुतल्यात का, हे मी अंधार करून बघते. मी दिवा घेऊन निघाले की भलेभले हात खिशात घालतात. मला सगळे दिवेवाली म्हणतात आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

आमच्या मोठ्या साहेबांच्या उजव्या हाताला चारच बोटं. अंगठीचं बोट तरुणपणी एका पंपाने खाल्लं. साहेब सूचना देतात त्या बोटांवर मोजून, त्यामुळे त्या कायम चारच असतात, आणि पाठीमागे सगळे त्यांना चौकार म्हणतात. पावडर पुरती वाळली का, हे सांगायला महागडं यंत्र आहे. साहेबांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. ते हातमोजा काढतात, चिमूटभर पावडर बोटांत चुरगाळतात, "हं" म्हणतात आणि हात रुमालाला पुसतात. त्या "हं"शिवाय एक पोतं भरलं जात नाही.

तर झालं असं की माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला आली आणि त्यांच्या दिव्याखाली आमच्या कॅन्टीनचा ओटा चमकला. पावडर खाण्याच्या जागेत! साहेबांनी सगळ्यांना उभं केलं.

"एक, पावडर वाळवणीघराच्या बाहेर येता कामा नये. दोन, ती आली आहे. तीन, उद्या दुपारी मला नाव पाहिजे. चार, ज्याचं नाव निघेल तो घरी जाईल."

सगळ्यांनी शिंक्याकडे पाहिलं. शिंक्या वाळवणीचं यंत्र चालवतो, दिवसभर शिंकतो आणि कॅन्टीनमध्ये सर्वांच्या आधी पोचतो. घरी जुळी पोरं, तिसरं वाटेवर.

"साहेब, मी कोपरापर्यंत धुतो हो!" तो रडवेला झाला.

"दिवेवाली शोधेल," साहेब म्हणाले. "नाही सापडलं, तर मला तुझ्यावाचून दुसरं कोण दिसतंय?"

कॅन्टीन माझी आई चालवते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. कारखाना तिला मावशी म्हणतो आणि तिच्या हातातल्या डावाला टरकून असतो. माझ्या बाबतीत तर ती फौजदारच. एकदा प्रयोगशाळेतल्या मुलाने मला घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं, तर "लोक काय म्हणतील" या विषयावर जेवण संपेपर्यंत व्याख्यान ऐकावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी कॅन्टीनचे पडदे ओढले आणि दिवा लावला. ओट्यावर ठिपके. चहाच्या पिंपाच्या तोटीवर ठिपके. मागच्या कोठीच्या कडीवर तर भरपूर. शिंक्याला कोठीत जायची परवानगीच नाही. तिथे आईशिवाय कुणी पाय ठेवत नाही, असं मी समजत होते.

"झालं का तुझं? मला भांडी दिसत नाहीयेत," असं म्हणत आई वळली, आणि मी दिवा तसाच धरून उभी राहिले. तिच्या पांढऱ्या ॲप्रनवर, पाठीच्या मधोमध, एक हात झगमगत होता. अंगठा, दोन बोटं, मग मोकळी जागा, मग करंगळी.

"आई, तुझ्या पाठीवर काय आहे?"

"काय असणार? पाठच."

"आणि पाठीवर?"

तिने ॲप्रन काढला, दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता खोटं बोलेल. त्या "लोक काय म्हणतील"चं उट्टं काढायची ही केवढी संधी! पण तिचे कान लाल झालेले दिसले आणि माझी चेष्टा घशातच राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अंगठी घालायला बोटसुद्धा नाही त्या माणसाला," ती म्हणाली. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग तिने ॲप्रनची घडी घालून माझ्या हातात दिली. "जा घेऊन. आमच्यापायी त्या शिंकणाऱ्याच्या पोटावर पाय नको."

साहेबांच्या खोलीत मी न विचारता बत्ती मालवली आणि ॲप्रन टेबलावर पसरला. साहेबांनी चष्मा लावला. मग हळूच आपला हात त्या हातावर ठेवला. तंतोतंत बसला.

"पण मी तर रुमालाला पुसतो," ते म्हणाले. मी दिवा त्यांच्या खिशाकडे वळवला. खिसा कंदिलासारखा पेटला होता.

त्यांनी लगेच सगळ्यांना बोलावलं.

"एक, शिंक्याचा काही दोष नाही, आणि मी त्याची माफी मागतो. दोन, पावडर बोटांनी बघायची नाही, कोणीही. तीन, ती कॅन्टीनमध्ये मी नेली." करंगळी धरून ते थांबले. "चार... चौथं माझं खासगी आहे."

"मग घरी कोण जाणार, साहेब?" शिंक्याने विचारलं आणि शिंकला.

साहेब स्वतःच गेले. मालकांनी महिनाभर बिनपगारी बसवून प्रकरण मिटवलं, कारण "हं" म्हणणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. त्याच महिन्यात आईनेही रजा टाकली. कारण: पाठदुखी.

दोघं कामावर परतल्यावर पहिल्याच दुपारी मी पडदे ओढून कॅन्टीन तपासलं. ओटा स्वच्छ. तोटी स्वच्छ. कडी स्वच्छ. आईच्या पाठीवर दिवा धरला, तर ॲप्रन कोरा. पांढराफटक. मला खरंच वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी तिच्या पाठीवर कुणाचा तरी हात होता, आणि तो मीच दिवा लावून घालवला.

"काय शोधतेस गं?" आईने न वळता विचारलं.

"काही नाही."

"मग विझव तो दिवा," ती म्हणाली. "आता ते कोपरापर्यंत धुऊन येतात."