यंत्राचे नाव

हॅलमने गोळा टेबलावर ठेवला तो नेमका किसलेल्या नारळाच्या परातीला टेकवून. बटाट्याएवढा, काळा, समुद्रतळावरच्या धातूचा. तेपाएरूने परात मागे ओढली, पण पांढऱ्या किसावर काजळी पडायची ती पडलीच.

"हात लावून बघ, आत्या. पाच किलोमीटर खालून आणलाय," माताइओ म्हणाला. तो तिचा भाचा; कंपनीच्या या साहेबाबरोबर, हॅलमबरोबर, दुभाषी म्हणून आला होता.

"असल्या लेंड्या परसात पडलेल्या असतात. त्यासाठी इतकं खाली कशाला जायचं?"

हॅलम हसला. त्याला भाषा कळत नव्हती. तेपाएरूला इंग्रजी चांगलं यायचं, पण कंपनीचा माणूस दारात आला की ती ते विसरायची.

त्याने कागद पुढे सरकवला.

यंत्राचे नाव : ..........
नावाचा अर्थ : ..........
कुटुंबातील ज्येष्ठाची सही : ..........

समुद्राच्या तळावर सरपटत असले गोळे उचलणारं यंत्र. कंपनी त्याला 'वेचणारं' म्हणे. कंपनीला यंत्रासाठी बेटावरचं नाव हवं होतं, आणि ते ठरलंही होतं : इओतिया.

इओतिया म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माताइओचा बाप. अकरा वर्षांपूर्वी टूना धरायला गेला. होडी सापडली. अंगणात आईवडिलांच्या कबरी आहेत, शेजारी त्याची जागा. तिथलं गवत ती दर शनिवारी काढते. खाली कुणी नाही.

"विचार त्याला, ते गोळे उचलतं कसं?"

"चिखलासकट ओढून घेतं," हॅलमचं बोलणं माताइओ सांगू लागला. "वर बोटीवर धुतात. गोळे ठेवतात, बाकीचा गाळ परत समुद्रात."

"गाळात आणखी काय येतं?"

"शार्कचे दात. देवमाशाच्या कानाची हाडं."

"आणि माणसाची?"

हे माताइओने हॅलमला विचारलं नाही.

तेपाएरू उठली. पायरीपाशी जाऊन थुंकली, तोंड पुसलं, पुन्हा थुंकली. हॅलमने काळजीने विचारलं, त्यांना बरं नाही का?

"उष्म्यामुळे," माताइओ त्याला म्हणाला. मग हळूच तिला, "मान आहे गं त्यात, आत्या. सगळी बेटं बाबांचं नाव घेतील. मार्चपासून मीही जाणार त्या बोटीवर."

"काम काय?"

तो टेबलावरचा गोळा फिरवू लागला.

"काम काय, विचारते."

"गाळाचा पाइप."

"म्हणजे खाली इओतिया इओतियाला ओढणार, आणि वर तू त्याला धुणार. उरलेला बाप परत समुद्रात."

"आत्या!"

"ओरडू नकोस. साहेबाला वाटेल, भांडतोय."

हॅलमला खरंच तसं वाटत होतं. त्याने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. नावाची सक्ती नाही, तो म्हणाला. त्यांना दुसरं आवडत असेल तर तेही चालेल.

"आहे ना," ती म्हणाली. "काईतूपापाकू."

माताइओची मान झटकन वर आली. आइतुताकी बेटावरच्या पोरासोरांनाही कळेल असं नाव. प्रेत खाणारा.

"काई... तू... पापाकू." हॅलमने ते जिभेवर घोळवलं, चव घेतल्यासारखं. "किती गोड! बोटीवरही हेच रंगवून घेऊ. अर्थ काय?"

माताइओ आत्याकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिची नजर अंगणात, गवत काढलेल्या त्या चौकोनावर होती. तोही तिकडे बघू लागला.

"समुद्रात गेलेल्या माणसांना," तो इंग्रजीत म्हणाला, "जो सोडत नाही, तो."

हॅलमने छातीवर हात ठेवला. "सुंदर. लिही, लिही."

माताइओने पेन घेतलं. दोन अक्षरं लिहून थांबला.

"आत्या, 'तू' दीर्घ ना?"

"दीर्घ," ती म्हणाली. "आणि अक्षर मोठं काढ."