पहिली मोजणी

अनुपने शेवटची तार होम थिएटरच्या रिसीव्हरच्या पाठीशी कसली, लाल लालला, काळी काळीला, आणि गुडघे झटकत तो उठला. अमरावतीतल्या एका दुकानातर्फे गेली बारा वर्षे तो हेच काम करत होता. सेट-टॉप बॉक्स आणि डिस्क प्लेअर रिसीव्हरला जोडायचे, रिसीव्हरमधून एकच केबल टीव्हीला न्यायची. पाच स्पीकर आपापल्या जागी, सबवूफर कोपऱ्यात. एवढे झाले होते. आता मोजणी उरली होती.

सुपारीएवढा माइक लावलेली तिपाई उचलून त्याने विचारले, "काकाजी, मेन माणूस कुठं बसते? त्याच्या कानाच्या उंचीवर हे ठेवा लागते. आवाज तिथं बरोबर जमते, बाकीच्यांले थोडा कमीजास्त."

खुशालराव सोफ्याच्या मधोमध बसलेलेच होते. त्यांनी उत्तरादाखल फक्त पाय लांब केले.

"माइक माह्यासाठी लावा," दुर्गाबाई म्हणाल्या.

तेहतीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले होते. आधी अकोटला, मग अमरावतीत. मागच्या महिन्यात निवृत्त झाल्यावर हा सगळा संच त्यांनी स्वतः निवडून घेतला होता. नवऱ्याला 'घेऊ का' असे विचारले नव्हते. 'घेतला' एवढेच सांगितले होते.

अनुपने मान डोलावली आणि तिपाई घेऊन तो स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला. तिथे दुर्गाबाई आपल्या नेहमीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"घे, तिथंच घे," खुशालराव उदारपणे म्हणाले. "तिले तेच सोपं पडते. कुकरवर ध्यान राहते."

"इथं नाही, अनुपभाऊ. मधात." दुर्गाबाई उठल्या आणि सोफ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सरका तुमी."

"अवं, माही जागा हाय हे!"

"होती."

"पायजे तं दोघांचं मोजता येते," अनुप चाचरत म्हणाला. "पण पहिली मोजणी ज्याची, तेच मशीन मुख्य धरते."

"मंग पहिली माही."

बाहेरच्या माणसासमोर किती ताणायचे, याचा खुशालरावांनी क्षणभर अंदाज घेतला. मग उठून ते दाराजवळच्या खुर्चीत असे बसले, जणू पाचच मिनिटांचा प्रश्न होता. दुर्गाबाई मधोमध बसल्या. अनुपने त्यांच्या कानाची उंची पाहून घेतली, त्यांना जरा पुढे सरकायला सांगून तिपाई त्यांच्या डोक्यामागे त्याच उंचीवर लावली आणि म्हणाला, "आता कोणी बोलू नका. पंखाही बंद करतो."

डाव्या स्पीकरमधून सूं असा आवाज निघाला. मग मधल्यातून.

"अवं, चहा मांडते का?"

मोजणी थांबली. पडद्यावर सूचना आली, की खोलीत आवाज आहे, पुन्हा सुरू करा.

अनुपने पुन्हा सुरू केले. या खेपेला आवाज मागच्या स्पीकरपर्यंत पोचला, तेवढ्यात खुशालराव भरभक्कम खाकरले.

"काकाजी, जरा..."

"खोकलाबी विचारून करू का आता? चहाची वेळ झाली, अन् हे बाई पुतळ्यासारखी बसून राहिली!"

वर्गात सगळा गोंगाट निवेपर्यंत उभे राहायची सवय दुर्गाबाईंना होती. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

"अनुपभाऊ, आज दुसरीकडे जायचं हाय का तुमाले?"

"नाही काकू. आज तुमचंच काम."

"मंग लावा पुन्हा. दहा खेपा थांबलं तं अकराव्यांदा लावा. मी उठत नाही."

तिसऱ्या खेपेला आवाज डावीकडून मध्ये, मधून उजवीकडे, मग पाठीमागे फिरला. खुशालरावांनी एकदा तोंड उघडले आणि मिटले. सबवूफरचा घुमणारा आवाज जमिनीतून पावलांना जाणवला. मग पडद्यावर हिरवी खूण आली.

अनुपने चाचणीसाठी एक सिनेमा लावला. पडद्यावर कुणीतरी विहिरीत बादली सोडत होते. रहाटाचा कुरकुराट दुर्गाबाईंच्या थेट पुढ्यात होता, तर पाखरे त्यांच्या पाठीमागे. त्यांनी मागे वळून पाहण्याचा मोह आवरला.

"अनुप," दाराकडून तक्रार आली, "काहीतरी चुकलं तुह्यं. इथून चित्र पांढुरकं दिसते, अन् आवाज एकाच कानात येऊन राहिला."

अनुपने काकूंकडे पाहिले.

"त्याचं काही चुकलं नाही," पडद्यावरची नजर न काढता दुर्गाबाई म्हणाल्या. "तिथून तसंच दिसते. मी रोज पाहत होती."

दुर्गाबाईंनी रिमोट घेऊन आवाज दोन घरे वाढवला.