खूप मिसिंग

स्कूटरचा मिस्त्री इंग्रजी शिकला होता ते शाळेत नाही, गॅरेजात. त्यामुळे त्याच्या इंग्रजीत एका शब्दाला एकच अर्थ. 'मिसिंग' म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं, गाडी गचके खाते. बस्स, विषय संपला.

मुलीला नोकरीसाठी परगावी जाऊन तीन आठवडे झाले होते. एका सकाळी तिचा मेसेज आला, 'बाबा, खूप मिसिंग यू.'

मिस्त्रीने मेसेज दोनदा वाचला. त्यातलं 'यू' त्याने सोडून दिलं, पण 'खूप मिसिंग'? नट न् नट उघडून त्याने स्वतःच्या हातांनी बांधून लेकीबरोबर धाडलेली स्कूटर! भर रस्त्यात बंद पडली आणि मागून ट्रक आला तर? त्याने फोन लावला, तिने उचलला नाही. मग एका बोटाने लिहिलं, 'प्लग काढून पूस. गाडी चालवू नको. निघालो.'

शटर ओढून, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन हा गृहस्थ चार तास बसमध्ये बसला. शेजारच्या बाईंनी चौकशी केली.

"मुलीचा निरोप आलाय. मिसिंग आहे," तो म्हणाला.

"अगं बाई! पोलिसांत कळवलंत का?"

"पोलिसांना काय कळतंय त्यातलं?"

बाई पिशवी उचलून मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

मुलगी नुकतीच कामावरून आली होती. तिच्याकडे न बघताच मिस्त्रीने स्कूटरला किक मारली आणि इंजिनाला कान लावला. इंजिन कसं एका लयीत चालत होतं.

"कुठाय मिसिंग?"

मुलगी आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसली. "गाडीला नाही हो, बाबा! तुमची आठवण येते, असं म्हणायचं होतं."

"मग तसं सरळ लिहायचं ना!" मिस्त्री खेकसला. "इथे माझा जीव टांगणीला लागला होता!"

"सरळ लिहायला गेले असते तर रडले असते."

मिस्त्रीने खाली बसून प्लग काढला. प्लग लख्ख होता, तरी तो पुसतच राहिला. मुलगी शेजारी येऊन बसली.

"माझ्याकडेही आहे ते मिसिंग," प्लगकडे बघतच तो म्हणाला. "तू गेलीस त्या दिवसापासून."