भिंतीतला सांधा

घराचं काम आम्ही एकेक खोली करत काढलं, कारण राहायचंही त्याच घरात होतं. एका खोलीचं सामान दुसरीत, दुसरीचं तिसरीत. दोन महिने मी कपाट आणि शिवणयंत्र यांच्यामधल्या फटीतून अंग चोरून ये-जा केली.

सासरे मात्र खुशीत होते. त्यांनी जन्मभर कारखान्यात वायरमन म्हणून काम केलं, आणि या घराचं वायरिंगही त्यांच्याच हातचं. आमचा वायरमन भिंत फोडायला लागला की बाबा त्याच्या पाठीशी उभे.

"अठ्ठावीस वर्षांची तार आहे. सापडतोय का कुठे सांधा? भिंतीत कधी सांधा द्यायचा नसतो!"

बाहेरची खोली झाली, आमची झाली, बाबांची झाली. स्वयंपाकघराची पाळी आली आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं सुरू झाली. आधी बाबांचा गुडघा दुखायला लागला. मग गवंड्याचा हात त्यांना वाकडा वाटू लागला. शेवटी म्हणाले, "धडधाकट खोलीला कशाला हात लावताय?"

"धडधाकट?" नवरा म्हणाला. "ओटा हलतोय बाबा, नळाखाली भिंत ओली असते."

बाबा उठून बाहेर गेले.

मला वाटलं, सासूबाईंची आठवण. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिथल्या निळ्या टाइल्स त्यांनी हौसेनं निवडलेल्या. माझं मन मला खायला लागलं. एका सुट्टीच्या सकाळी नवरा नव्या टाइल्स बघायला गेला, तेव्हा मी चहा घेऊन बाबांजवळ बसले.

"बाबा, आईंच्या टाइल्स आपण जपून काढू. दोन-चार नव्या भिंतीतही बसवू."

"टाइल्सचं काय घेऊन बसलीस!" ते म्हणाले. कप खाली ठेवला. "त्या खिडकीशेजारी भिंतीत सांधा आहे."

मला आधी कळलंच नाही.

"तार हातभर कमी पडली. दुकानं बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिलावा करायला माणसं येणार. म्हटलं, आत्ता जोडू, नंतर बघू. ते 'नंतर' आलंच नाही. तुम्ही मिक्सर आणि गिझर एकदम लावलात की माझा जीव टांगणीला लागायचा."

तरीच! बटण बंद करत घरभर फिरणारे बाबा आम्हाला चिक्कू वाटायचे. आम्ही पाठीमागे हसायचो. मला लाज वाटली, आणि भीतीही. मी उठून आधी मेन स्विच पाडला आणि वायरमनला फोन लावला.

"त्याच्यासमोर माझं नाक कापलं जाईल गं."

"कापलं तर कापलं. घर तर शाबूत राहील!"

तासाभरात वायरमन आला. बाबांनी टेप धरून खिडकीपासून माप घेतलं आणि पेन्सिलीनं फुली मारली. छिन्नी लागली, निळ्या टाइलचे तुकडे पडले, आणि बरोबर फुलीखाली सांधा निघाला. त्यावर गुंडाळलेली इन्सुलेशनची पट्टी जळून कोळसा झाली होती. आजूबाजूची वीटही काळी पडली होती.

वायरमननं पक्कडीनं हलवून पाहिलं. "तारांचा पीळ अजून घट्ट आहे काका. म्हणून इतकी वर्षं निभावलं. पण पट्टी संपली होती. आज काढला ते बरं झालं."

बाबा उपड्या बादलीवर मटकन बसले. "हुश्श," एवढंच म्हणाले. डोळे भरून आले होते, आणि ओठांवर हसू.

"मनाला लावून घेऊ नका," वायरमन म्हणाला. "माझ्या स्वतःच्या घरात असे दोन आहेत."

बाबा ताडकन उठले. "दोन? आणि इथे उभा राहून मला सांगतोस? इथलं झालं की घरी जा आणि आधी ते काढ!"

नवरा टाइल्सचे नमुने घेऊन आला, तेव्हा बाबांनी आपणहून त्याला सगळं सांगितलं. त्यानं ती काळी तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"बाबा, एकदा बोलायचंत तरी."

"बोलायचं होतं रे. दर वर्षी वाटायचं, आता फार उशीर झाला."

नवऱ्यानं बाबांच्या खांद्यावरची धूळ झटकली, मग हात तिथेच राहू दिला.

संध्याकाळपर्यंत नवी तार एकसंध पडली. बाबा जरा पडतो म्हणून आत गेले, ते जेवायला हाक मारली तरी हलेनात. नवऱ्यानं घाबरून त्यांच्या नाकाशी बोट धरलं.

"आहे अजून," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "झोपू द्या की."