वचनाची टोपली

मित्रांनो, मी हेझल नावाच्या झुडपाच्या काड्यांची एक जुनी टोपली आहे. माझी वीण इतकी घट्ट आहे की पाणी ओतलं तरी थेंब गळत नाही. हे मिरवायला सांगत नाही. मिरवण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही.

डोंगरातल्या नदीकाठी आमच्या आदिवासी जमातीची वस्ती आहे. तिथल्या व्हर्ना मावशीने मला विणलं. पावसाळी हवेत उतारावर बेताची आग लावायची, म्हणजे हेझलला सरळ काड्या फुटतात, ही तिच्या आजीपासूनची पद्धत. तरुणपणी माझ्यात ओक झाडाच्या फळांच्या पिठाची पेज शिजायची. तापलेले दगड पोटात सोडले की ती रटरटायची, आणि पोरं माझ्या काठाला बोटं लावून चाटायची. तेव्हा मला कुणी सुंदर म्हटलं नाही. माझं त्यावाचून काही अडलंही नाही.

आमच्याकडे टोपली देणं म्हणजे शब्द मागणं. ज्याने ती ठेवून घेतली, त्याने हाक आली की धावून यायचं. जमत नसेल तर टोपली आधीच परत करायची. त्याचा कुणाला राग येत नाही.

मग वणव्यांची वर्षं सुरू झाली. जमातीच्या पंचायतीची प्रमुख डोरिन, मावशीची भाची, हैराण झाली. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारची मंजुरी मिळाली की बाहेरून बंब, माणसं, हेलिकॉप्टर बोलावता येतात. नाहीतर एवढ्याशा पंचायतीला त्या खर्चाचा भार झेपत नाही. पण ती मंजुरी पंचायतीने स्वतः मागायची नाही. राज्याने आमच्या वतीने मागायची, आणि तीसुद्धा आग भडकलेली असतानाच. पंचायत आपली, न्यायालय आपलं, आणि आगीची हाक मात्र दुसऱ्याच्या तोंडून!

मावशी म्हणाली, "मग त्या तोंडाला टोपली दे."

अशी मी राज्याच्या राजधानीत आले. आगीच्या मागण्या पाहणाऱ्या तिथल्या साहेबांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, फोटो काढले, काचेच्या कपाटात ठेवलं आणि वर दिवा लावला. डोरिनने वस्तीवर जाऊन सांगितलं, ठेवून घेतली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, त्या दिव्याखाली मलाही बरं वाटलं. येणारे-जाणारे थांबून माझ्या कारागिरीचं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे. पोटात अन्नाचा कण नव्हता, तरी फुगायचे.

एका ऑगस्टात आमच्या डोंगराला वणवा लागला. मी तो पाहिला नाही, ऐकला. साहेबांच्या टेबलावरच्या फोनवर डोरिनचा आवाज आला. आग वरच्या कड्यापर्यंत आली होती आणि खालच्या आळीत म्हातारी माणसं होती. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिला धीर दिला. पण त्या दिवशी मोठ्या शहरांजवळही वणवे पेटले होते. त्यांच्या मागण्या पुढे गेल्या आणि आमची वरिष्ठांच्या सहीसाठी अडून राहिली.

दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी डोरिनचा आवाज बसला होता.

"साहेब, मावशी घर सोडत नाही हो. पायरीवर बसलीय. म्हणते, त्यांनी टोपली ठेवून घेतलीय, येतील ते."

साहेबांनी विचारलं, "कुठली टोपली?"

मी त्यांच्या पाठीमागेच होते. मित्रांनो, त्या क्षणी मला उसवून जावंसं वाटलं. एक म्हातारी माझ्या भरवशावर आगीच्या तोंडाशी बसली होती, आणि मी दिव्याखाली शोभत होते.

शेवटी शेजाऱ्यांनी मावशीला उचलून ट्रकमध्ये घातलं. खालची आळी जळाली. संध्याकाळी आग नदीपर्यंत आली आणि जाळायला काही उरलं नाही म्हणून विझली. सही दुसऱ्या सकाळी झाली. पण विझलेल्या आगीसाठी मागणी करता येत नाही, असा नियम निघाला.

काही आठवड्यांनी मावशी डोरिनबरोबर कार्यालयात आली. साहेब ओशाळले होते. त्यांनी स्वतः कपाट उघडलं आणि म्हणाले, "तुमचं सगळं गेलं. ही तरी घरी न्या."

मला वाटलं, सुटले. मावशीने माझ्या काठावरून बोट फिरवलं, कुठे काडी सुटली आहे का ते पाहिलं आणि मला परत आत ठेवलं.

"परत करायची ती हाक येण्याआधी," ती म्हणाली. "आता ती तुमचीच."

आणि कपाटाचं दार तिनेच लावलं.

हल्ली डोरिन वॉशिंग्टनला जाते. आगीत आमची मंजुरी आम्हालाच थेट मागू द्या, एवढंच तिचं म्हणणं. निघण्याआधी ती इथे काही कामासाठी आली होती, तेव्हा साहेबांनी तिला आपुलकीने विचारलं, की तिकडे द्यायला मावशी नवी टोपली विणते आहे का.

"नाही," डोरिन म्हणाली. "मावशी म्हणते, हक्क मागायला रिकाम्या हातांनी जायचं."

मित्रांनो, मी अजून त्याच कपाटात आहे. माझी एवढीच विनंती आहे. ज्याचं घर पेटलं असेल, त्याला स्वतःच्या तोंडाने ओरडू द्या. आणि माझ्यासारखी एखादी वस्तू कुठे काचेआड दिसली, तर तिचं कौतुक करण्याआधी एक विचारा: ही ज्यांनी दिली, त्यांनी हाक मारली तेव्हा कुणी गेलं होतं का?